हळू चाललेला उंदीर

मी एक जुना उंदीर आहे, मित्रांनो. दचकू नका, आणि खाऊचे डबेही झाकू नका. मी बिळातला नव्हे, कॉम्प्युटरचा. मला पाय नाहीत, मिशा नाहीत. शेपटी आहे, पण तिलाही चिकटपट्टी लावलेली. पाठीवर दोन कळा आहेत. त्यातल्या डाव्या कळेच्या नावावर एक खोटं बोललं गेलंय, आणि ते आठवलं की अजूनही मला पोटातल्या लाल दिव्यापर्यंत लाज वाटते.

जन्म माझा कारखान्यातला. एका दिवसात आम्ही हजारो जुळी जन्मलो, आई कोण ते कुणालाच ठाऊक नाही. खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि न्यूझीलंडच्या पार तळाशी, ब्लफ गावात, वॉटीच्या घरी आलो. तिथला वारा विचारू नका. कोंबडीनं अंगणात अंडं घातलं तर ते समोरच्या बेटावर जाऊन फुटतं. दुसऱ्या दिवशी तिकडचा माणूस फोन करून विचारतो, "तुमचं अंडं आलंय, पाठवू का परत?"

वॉटी जन्मभर कालवांच्या बोटीवर होता. गुडघे गेले तेव्हा तो घरी बसला आणि पत्ते खेळायला लागला. कॉम्प्युटरवर हो, जगभरच्या माणसांशी. त्याचा तळवा म्हणजे खडकच, पण मला फार हळुवार धरायचा. पहिल्याच महिन्यात त्यानं एक स्पर्धा जिंकली आणि गावभर सांगत सुटला, "माझा उंदीर लकी आहे!" मांजरानं माझी शेपटी चावली तेव्हा त्यानं स्वतः चिकटपट्टी लावली, वर फुंकरही घातली. त्यानंतर मी पहिल्यासारखाच धावायला लागलो. मांजर मात्र विजेचा झटका बसल्यापासून मला मामा म्हणतं.

वॉटीची थोरली बहीण नायरी. दोन गल्ल्या सोडून राहायची. तिनं तीस वर्षं कालवं सोलली. बोटं अशी चपळ, की तिला येताना बघून कालव आपणच उघडायचं. भावाचं बघून तीही खेळायला लागली. दोघं एकाच स्पर्धेत बसली तर खेळताना एकमेकांना फोन करायचा नाही, हा त्यांचा नियम. "लबाडी नको," वॉटी छाती काढून म्हणायचा. "आपण बोटीवरची माणसं."

मग ती ऑकलंडची स्पर्धा आली. त्यात पैसे नव्हते. शेवटी उरतील त्या दहा जणांना सारखंच बक्षीस: ऑकलंडच्या मोठ्या खेळात जागा, आणि तिथवरचं विमान. पहिला आला काय आणि दहावा आला काय, फरक शून्य. वॉटीला ती जागा हवी होती मिरवायला. नायरीला पत्त्यांचं काही पडलं नव्हतं. तिची लेक मेरेआना ऑकलंडला असते, तिला मुलगा झाला होता. नायरीचा पहिला नातू, नातवाला आमच्याकडे म्हणतात मोको. पाच महिन्यांचा झाला तरी आजीनं त्याला फोनच्या काचेतूनच बघितलेला. विमान तिला परवडणारं नव्हतं.

"काचेला वास येत नाही रे वॉटी," ती म्हणायची. "बाळाचा वास घ्यायचाय मला."

रविवारी दुपारी खेळ सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत बारा माणसं उरली. सहा आमच्या टेबलावर, सहा नायरीच्या. दोघं बाहेर पडली की बाकीच्यांचं विमान पक्कं. पैशांच्या जागी चकत्या असतात, त्या संपल्या की माणूस बाहेर; सगळ्यांचे ढीग पडद्याच्या कडेला दिसतात. तळाशी दोनच नावं होती: वॉटी आणि नायरी. तिचा ढीग त्याच्यापेक्षा चार चकत्यांनी जास्तच.

आता नीट ऐका, सगळी गोम इथेच आहे. या खेळात पानं बघायच्या आधीच आळीपाळीनं हप्ता भरावा लागतो. त्याला ब्लाइंड म्हणतात. ढीग लहान असला की दोन हप्त्यांत माणूस खलास. आणि दोन टेबलं आपापल्या चालीनं चालतात. ज्या टेबलावर डाव भराभर होतात तिथं हप्ता लवकर फिरून येतो. जिथं कुणी रेंगाळतं तिथं उशिरा. प्रत्येकाला विचार करायला घड्याळ दिलेलं असतं. ते पूर्ण संपवायला नियमाची काही हरकत नाही.

वॉटीला आधी सत्ती-दुर्री आली. एरवी त्यानं पानं बघताक्षणी टाकली असती. त्या दिवशी बोट माझ्या डाव्या कळेवर ठेवलं आणि दाबलंच नाही. घड्याळ संपत आलं तेव्हा कुठे टिचकी मारली. पुढच्या डावाला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच.

"घाई कुणाला आहे रे उंदरा?" तो म्हणाला. "आपण मरायचं नाही. दुसऱ्याला मरू द्यायचं."

एकदा राणीची जोडी आली. एवढी भारी पानं हातात असली तर लहान ढीगवाला सगळं पुढे ढकलतो. पण इथं ढकलून हरलो तर विमान गेलं, आणि जिंकून जास्तीचं काही मिळत नाही. त्यानं राण्यांकडे बघत घड्याळ संपवलं आणि राण्या टाकल्या. आमच्या टेबलावरची माणसं कातावून लिहायला लागली, "झोपलास का बाबा?" "म्हातारा गेला की काय?" वॉटी हसला नाही. त्याचा तळवा घामानं चिकट झाला होता. डोळे पडद्याच्या कडेला, नायरीच्या नावावर. तिच्याकडे दोनदा हप्ता फिरून आला. आमच्याकडे एकदाही नाही.

आणि मग तिचं नाव विझलं.

थोड्या वेळानं आणखी एक कुणीतरी बाहेर पडलं आणि पडद्यावर फुलबाज्या उडाल्या. वॉटीनं हात माझ्यावरून असा उचलला, जसा तवा तापलेला असावा.

दार वाऱ्यानं उघडलं की नायरीनं, कळलं नाही. दोन्ही एकदमच आत आले. तिच्या हातात झाकण लावलेली बादली होती.

"बेण्या, जिंकलास की रे!" तिनं त्याच्या पाठीत धपका घातला. "मी एक्का-छक्कीवर गेले. काय करणार, हप्त्यानं पार सोलून काढलं होतं मला. सगळं पुढे ढकललं, समोरच्याकडे निघाली दश्शीची जोडी. संपलं!"

"वाईट झालं गं ताई," वॉटी जमिनीकडे बघत म्हणाला.

"माझं आटपलं तशी तुझं टेबल उघडून बसले. देव पाण्यात ठेवले होते तुझ्यासाठी! पण काय रे, दर डावाला तुझं घड्याळ संपत आलेलं. जीव नुसता खालीवर होत होता." ती माझ्याकडे वाकली. "उंदीर बिघडलाय का तुझा?"

वॉटीनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल.

"हो ना," तो म्हणाला. "मांजरानं शेपटी चावल्यापासून कळच दबत नाही मेल्याची."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

नायरीनं बादली टेबलावर ठेवली. आत खारवलेले टीटी होते. आमच्या बेटांवरचा तो समुद्रपक्षी, वास असा की मेलेला माणूस उठून जागा बदलतो. "मेरेआनाला दे. आणि बाळाला उचललंस की आधी मानेपाशी वास घे. कसा येतो ते मला येऊन सांग."

चार दिवसांनी ती इन्व्हरकारगिलहून नवाकोरा उंदीर घेऊन आली, बिनशेपटीचा. "भावाचा उंदीर बिघडलेला बरा दिसत नाही," म्हणाली आणि चहा न घेता गेली. मी गेलो खणात. गंजलेले गळ, तुटकी चावी आणि मी. ज्या उंदराला लकी म्हटलं त्याच्याकडे कुणी ढुंकून बघेना. पण फटीतून मला दिसायचं: वॉटीनं नवं खोकं फोडलंच नाही. बादली मागच्या दाराशी होती, आणि तो जाता-येता तिच्याकडे न बघता लांबून वळसा घालायचा. जेवणही नीट करेना. मांजरसुद्धा त्याच्या मांडीवरून उठून गेलं.

विमानाच्या आदल्या दिवशी त्यानं खण उघडला, मला कोटाच्या खिशात कोंबलं आणि दोन गल्ल्या चालून गेला. नायरीच्या कॉम्प्युटरला माझी शेपटी जोडली.

"दाब," म्हणाला.

तिनं दाबलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक टिक.

"ठणठणीत आहे," वॉटी म्हणाला. त्याचा आवाज बोटीच्या तळातून आल्यासारखा. "कायमच होता. ताई, मी..."

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तुझं टेबल उघडलं त्या पहिल्या डावापासून. टाकायच्या पानांवर कुणी एवढा विचार करतं का, मूर्खा? मी तुला उंदराची वाट काढून दिली. म्हटलं, बघू, शिरतो का बिळात. शिरलास!"

वॉटीला जमीन दुभंगावीशी वाटली असणार. पण ब्लफची जमीन खडकाची, ती काही दुभंगत नाही. तो तसाच उभा राहिला. "जागा माझ्या नावावर आहे, तुला देता येत नाही. विचारून बघितलं मी. विमान सोडतो, खेळाला अजून चार दिवस आहेत. व्हॅन आहे. मी चालवतो, तू चल."

"त्या खटाऱ्यात? सगळा देश पार करून?"

"हो."

"बादली तू मांडीवर घेशील?"

"चालवताना कशी घेऊ?"

"मग पायाशी ठेव. माझ्या नाकाशी नको," नायरी म्हणाली आणि पिशवी भरायला उठली.

ऑकलंडला काय झालं ते मला नंतर वॉटीच्या तोंडून कळलं, म्हणजे अर्धंच खरं धरा. बादलीच्या वासानं वाटेतल्या मेंढ्या कुंपणं ओलांडून पळाल्या म्हणे. मोठ्या खेळात तो जेवणाच्या सुट्टीआधीच बाहेर पडला, कारण एकदाही घड्याळ खाल्लं नाही. एवढं मात्र सगळं खरं असावं, कारण सांगताना तो थांबला होता: नायरीनं बाळाच्या मानेत नाक खुपसलं ते बराच वेळ काढलंच नाही. वॉटी दारातच उभा, आत यायला तयार होईना.

"ये," ती म्हणाली. "हात धुऊन ये आणि घे."

त्यानं तीनदा हात धुतले.

आता मी नायरीच्या घरी असतो. मोकोचे फोटो मोठे करायचं काम माझ्याकडे आहे. वॉटी रविवारी येतो, पण मला हात लावत नाही. येताना नुसती मान लववतो, देवळासमोरून जाताना लववतात तशी. मला त्याचाही राग येत नाही आता, लाज मात्र दोघांनाही वाटते.

मित्रांनो, तुमच्या हातातली वस्तू बोलत नाही म्हणून आपलं खोटं तिच्या माथी मारू नका. शेपटी तुटली तर चिकटपट्टी लावा, फुंकर घाला. आणि तुमची पाळी आली की टिचकी मारून मोकळे व्हा. तुम्ही घड्याळ खात बसता तेव्हा दुसऱ्या टेबलावर कुणीतरी हप्ता भरत असतं, आणि ते कुणीतरी कधीकधी आपल्याच घरचं असतं.