माझ्या तोंडावरचा कागद

अहो, थांबा, पुढे जाऊ नका! मी वीट बोलतेय. एलाम नावाच्या जुन्या देशातली, तीन हजार वर्षांची. एरवी मी अबोल, पण आज मला गप्पच बसवत नाही!

मी ओली होते तेव्हा लेखनिकाने बोरूच्या टोकाने माझ्यावर लिहिलं, की राजाने हे देऊळ अमुक देवीसाठी बांधलं. पुढे राजा गेला, देऊळ पडलं, मी ढिगाऱ्यात. उत्खननात सापडले नि या संग्रहालयात आले. इथल्या कारकुनाने माझ्या नंबराचा कागद चिकटवला, तोही नेमका देवीच्या नावावर! डिंक तरी किती थापावा माणसाने!

मग एका विद्वानाने नुसता माझा धूसर फोटो बघितला, त्यात तो मळका कागद खळग्यासारखा दिसला, म्हणून लिहिलं, ‘इथे वीट फुटली आहे.’ फुटली? चांगली धडधाकट आहे मी! पण दुसऱ्याने पहिल्याचं उतरवलं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. चौथ्या सरांनी तर त्या जागी अंदाजाने एका देवाचं नाव घातलं आणि जाडजूड पुस्तक छापलं. माझ्याकडे कुणी फिरकलं नाही.

आज सकाळी त्याच सरांची विद्यार्थिनी आली. तिच्या प्रबंधात तिने लिहिलंय, देऊळ किरीरिशा देवीचं. सरांनी बजावलेलं, “संध्याकाळपर्यंत पुरावा दे, नाहीतर ते प्रकरण काढ.” चार वर्षांची मेहनत होती हो पोरीची!

तिने मला उचललं आणि ओरडलीच, “अगं बाई, हा तर कागद आहे!”

वस्तूंची निगा राखणाऱ्या बाई धावत आल्या. “ओढू नकोस हं! अक्षरंसुद्धा निघून येतील.” त्यांनी कागदावर ओला कापूस ठेवला. तिने फोन केला तसे सरही आले, हाताची घडी घालून उभे राहिले. पोरगी नखं खात होती. माझा जीव तर टांगणीला लागला होता.

तासाभराने कागद अलगद सुटला. खाली अक्षरं जशीच्या तशी! तिच्या डोळ्यांत पाणी, तिला काही दिसेना. “सर, तुम्हीच वाचा.”

सर भिंग घेऊन वाकले. “कि... री... रि... शा.” किती काळाने कुणी माझ्या देवीचं नाव घेतलं! मला नाचता येत असतं ना, तर नाचलेच असते.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “प्रकरण काढू नकोस. सरांचं चुकलं, असं माझं नाव घालून लिही.”

बाबांनो, पुस्तकं जरूर वाचा, पण एकदा आमच्याकडेही येऊन बघा. शेजारच्या फळीवर माझ्या चाळीस बहिणी आहेत, सगळ्यांना कागद चिकटवलेले. आणि सर? ते कोट काढून, बाह्या सरसावून तिथेच बसलेत. बाईंना विचारतायत, “अजून कापूस आहे का हो?”