बंद फ्रिज आणि आठवं गाणं

“परत स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवलीत?” तिनं स्वयंपाकघरातूनच आवाज दिला. टोमॅटोंच्या शेजारी किल्ली पडली होती.

“अगं, त्याशिवाय मला आठवत नाही,” बेडरूममधून नवऱ्याचं उत्तर आलं.

गाणं रेकॉर्ड करताना फ्रिजची घरघर माइकमध्ये शिरते, म्हणून फ्रिज बंद करायचा. नंतर तो सुरू करायला विसरू नये म्हणून किल्ली आत ठेवायची. बाहेर निघताना फ्रिज उघडावाच लागणार. ही युक्ती त्याला भलतीच हुशारीची वाटायची. फक्त सुट्टीच्या दिवशी स्वारी घराबाहेर पडतच नसे, आणि दूध नासायचं.

ती शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. दिवसभर पोरांना ‘शांत बसा’ म्हणून घसा कोरडा करायचा, आणि घरी आलं की नवऱ्यानं हिला तोंडावर बोट ठेवून दाखवायचं! नवरा पाणीखात्यात मीटर वाचायचा. उरलेल्या वेळात तो एका अंतराळयानाचा कप्तान असायचा. पॉवर मेटल नावाच्या संगीतात गिटार चौखूर उधळते, ड्रम थांबायचं नाव घेत नाहीत, गाणारा छपराला जाऊन भिडतो आणि विषय विश्वाच्या अंताखाली उतरत नाही, एवढं तिला सहा वर्षांत कळलं होतं. सहा वर्षं एकच अल्बम चालला होता. आठ गाणी मिळून एक गोष्ट: पृथ्वीपासून लांब भरकटलेलं यान, आणि त्यात एकटा उरलेला कप्तान. सात गाणी झाली. आठवं राहिलं, आणि नवऱ्याच्या गळ्यात गाठ निघाली.

उद्या ऑपरेशन होतं. ‘बोलता येईल, गाण्याचं काही धरून चालू नका,’ असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. वर आवाजाला विश्रांतीही द्यायला सांगितली होती.

“विश्रांती म्हणजे किंचाळणं का हो?”

“एकदाच गातो. मग तू म्हणशील तितका गप्प.”

त्याचा गिटारवाला मित्र, एरवी औषधांच्या दुकानात बसणारा, पलंगावर लॅपटॉप घेऊन बसला होता. “वहिनी, पाचच मिनिटं. श्वाससुद्धा जपून घ्या.”

“घेतच नाही, म्हणजे मिटलं.”

कपाटाची दारं सताड उघडी, त्यांवर घरातली यच्चयावत पांघरुणं लटकवलेली, आणि मधोमध हा बनियनवर, कानाला हेडफोन लावून उभा. ती फ्रिजच्या बटणाशी उभी राहिली. गिटार आणि ड्रम आधीच रेकॉर्ड झालेले, ते सगळं हेडफोनमध्ये. तिच्या वाट्याला नुसता त्याचा आवाज यायचा. बिनसाजाचं ते ओरडणं ऐकून तिचं डोकं उठायचं.

“कोणी आहे का तिकडे?” कप्तानानं हाक मारली. आवाज चढत गेला, अजून चढला. आता फाटणार, असं तिला वाटलं, पण फाटला नाही. तिथेच वर थरथरत राहिला. सहा वर्षांत पहिल्यांदा ती वैतागायची विसरली. मग आवाज थांबला. सगळं शांत झालं. तिला भरून आलं होतं, पण ते दाखवणार कशाला?

“झालं का? फ्रिज लावू का?”

मित्रानं कपाळावर हात मारला. “वहिनी! तिथे आठ मात्रा रिकाम्या होत्या. पुढे अजून एक हाक होती!”

“मला कसं कळणार? तुमचं सगळं त्याच्या कानात वाजतंय!”

नवऱ्यानं नुसता हात वर केला आणि परत सुरुवात केली. ‘कोणी’वरच आवाज चरचरून फाटला. तिसऱ्यांदा नुसती हवा आली. त्यानं हेडफोन काढले आणि एकेक पांघरूण घडी करायला घेतलं. जन्मात त्यानं पांघरुणाची घडी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्याला आत नेईपर्यंत ‘चुकलं माझं’ एवढं तिच्या तोंडून निघालं नाही.

तीन आठवड्यांनी मित्र अल्बम घेऊन आला. नवऱ्याचा आवाज आता घोगरा झाला होता, तोही तो पुरवून वापरायचा. आठव्या गाण्यात गिटार उधळली, ड्रम धावले आणि एकदम सगळं थांबलं. कप्तानानं हाक मारली. ती विरून गेली. आणि त्या शांततेत तिचाच त्रासलेला आवाज आला: ‘झालं का? फ्रिज लावू का?’ त्यावर सगळी वाद्यं पुन्हा उसळली आणि गाणं संपलं.

“अहो, हे काय! काढा ते. लोक हसतील मला.”

“मी काढत होतो, वहिनी. यानंच हात धरला.”

नवरा घसा खाकरून म्हणाला, “आठ गाणी झाली, हाका मारतोय गं तो. कोणीतरी ओ द्यायला नको?”

“आणि ओ देताना फ्रिजच सापडला!” ती पुटपुटली आणि उठली. पर्समधून ग्रंथालयाची किल्ली काढून तिनं फ्रिजमध्ये, टोमॅटोंच्या शेजारी ठेवली. दार लावून बटण बंद केलं. घरघर थांबली.

“लावा परत,” ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी येऊन बसली.