विहिरीकडे पाठ

उत्तमरावांनी वाशीमजवळच्या मालेगावात उभी हयात फोटो स्टुडिओ चालवला. आता विस्मरणाच्या आजाराने त्यांना घेरलं होतं. घरच्यांची नावं सुटली होती, बोलणं जवळजवळ थांबलं होतं. पण कॅमेरा हातात आला की बोटं आपसूक चालायची. त्यांचा जुना कॅमेरा कामातून गेला होता, लेन्स तेवढी शाबूत होती. म्हणून त्यांच्या मुलीने, सुचिताने, वाशीमच्या ऑफिसातल्या सतीशचा डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा एका रविवारापुरता मागून आणला. जुनी, फिरवून बसवायची आट्यांची लेन्स त्यावर बसावी म्हणून एक जोडरिंगही मागवली.

"ही लेन्स बाहेर ओढून वापरतात," सतीशने बजावलं होतं. "पण या कॅमेऱ्यात ती परत आत ढकलू नको. मागचा भाग शटरले लागते."

आईबाबांसोबत घरच्या मळ्यात आल्यावर सुचिताने रिंगसकट लेन्स बसवली आणि दूरची पाण्याची टाकी पाहिली. रेंजफाइंडरच्या खिडकीत टाकीच्या दोन प्रतिमा दिसत होत्या. लेन्स हळूहळू फिरवली तशा त्या एकमेकींवर येऊन बसल्या. फोटो स्वच्छ आला. तिने कॅमेरा वडिलांच्या गळ्यात अडकवला.

त्यांनी वांग्याच्या झाडाचा एक फोटो काढला. मग सवयीने लेन्सची नळी पिळून आत दाबायला लागले. सुचिताने त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, नका ढकलू. मोडल ते."

उत्तमरावांनी हात हिसडला. अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि तरातरा चालायला लागले. मेथीच्या वाफ्यातून ते थेट विहिरीपाशी गेले. विहिरीला कठडा नव्हता. काठावर ते वळून उभे राहिले आणि कॅमेरा डोळ्याला लावला. पाठीमागे एका पावलावर पाणी होतं.

सुचिता धावणार, तेवढ्यात तिच्या आईने, गोजराबाईंनी, तिचा दंड पकडला.

"थांब. जवळ नको जाऊ."

"आई, सोड ना. पडतीन ते."

"तू जवळ गेली का ते मांगं सरकतीन. मानूस डोक्यापासून पायापर्यंत पुरा दिसला पायजे त्याइले."

सुचिता जागच्या जागी थिजली. आई खरं बोलत होती. स्टुडिओत गिऱ्हाईक पुढे आलं की बाबा मागे जात, भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

गोजराबाईंनी पदर सारखा केला. आवाज अगदी नेहमीचा ठेवला.

"अवो, माया फोटो काढा ना."

कॅमेरा त्यांच्याकडे वळला. गोजराबाई नजर न काढता एक पाऊल मागे सरकल्या. उत्तमराव पुढे आले नाहीत. त्यांच्या डाव्या पायाखालचं ढेकूळ निसटलं आणि विहिरीत डुबुक झालं. सुचिताने ओठ आवळून धरले.

गोजराबाई आणखी मागे गेल्या, मग आणखी. साडी वांग्याच्या काट्यांत अडकली, ती त्यांनी तशीच ओढली. "दिसते का बराबर?" त्या विचारत राहिल्या. लेन्स फिरवता फिरवता उत्तमरावांची मान हलली. चौकटीत बायको बारीक झाली असावी. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, मग दुसरं.

ते वाफ्यात पोचले तेव्हा सुचिता पाठीमागून वळसा घालून विहीर आणि त्यांच्यामध्ये आली. शटर वाजलं. लगेच त्यांची बोटं नळीकडे गेली. तिला सतीशचं बजावणं आठवलं, पण तिचे दोन्ही हात वडिलांच्या कमरेभोवती होते आणि ते सोडायची तिची छाती झाली नाही. लेन्स आत गेली. करकर असा बारीक आवाज आला. त्यानंतर कितीही बटण दाबलं तरी शटर हललं नाही.

संध्याकाळी तिने सतीशला फोन करून सगळं सांगितलं.

"दुरुस्तीचं मी करतो," ती म्हणाली.

"ते पाहू मंग. विहिरीले जाळी कधी लावता?"

"उद्या सुट्टी टाकतो. उद्याच लावतो."

मग तिने कॅमेऱ्याच्या कार्डावरचा आईचा फोटो लॅपटॉपवर उघडला. जवळच्या अंतरावर जोडरिंग थोडी चुकत होती. मागची वांगी लख्ख आली होती, गोजराबाईंचा चेहरा किंचित पुसट. तरी त्यांची भीती लपली नव्हती.

गोजराबाई वाकून बघत राहिल्या. शेजारी उत्तमरावही येऊन बसले. त्यांनी पडद्यावरच्या बाईवर बोट टेकवलं आणि बऱ्याच दिवसांनी बोलले.

"हे कायले भ्याली?"

गोजराबाईंनी त्यांचं बोट हातात घेतलं.