टाकीच्या झाकणाची चिंधी

मित्रांनो, माझा अवतार बघून हसू नका. एक मूठ काळी, दुसरी निळी. नंबराची पाटी रंगाच्या बादलीच्या झाकणाची. गादी कुणाच्या तरी सोफ्यातून उरलेल्या रेक्झिनची. अशी मी एक जुनी, छोट्या इंजिनाची मोटरसायकल आहे, आणि या वयात मातीतल्या शर्यतीत पळते. तुम्हाला रडवायचा माझा विचार नाही. लोखंडाला रडू येत नाही, आणि मला तर मधली कितीतरी वर्षं काहीच वाटत नव्हतं.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालचुटूक होते. माझा पहिला मालक अंडीवाला. मागे अंड्यांचे ट्रे बांधून तो मला इतकी जपून चालवायचा की चालणारी माणसंसुद्धा आमच्या पुढे जायची. 'माझी गाडी म्हणजे अगदी गरीब गाय,' असं तो सगळ्यांना कौतुकाने सांगायचा. मलाही ते खरं वाटायचं. पुढे त्याने टेम्पो घेतला आणि मला दुकानामागे उभं केलं. टायर बसले, साखळी गंजली, गादीच्या भोकात मांजरीने पिल्लं घातली. मग एक दिवस भंगारवाल्याने मला उचलून नेलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. नुसती पडून राहिले.

तिथे मला एका मुलीने शोधून काढलं. ती कुरिअर पोचवायचं काम करायची. पायाला सतत भिंगरी, म्हणून घरी तिचं नावच भिंगरी पडलेलं. भंगारवाला म्हणाला, "अहो ताई, ही काही चालायची नाही."

"चालवतंय कोण हिला?" ती म्हणाली. "मी पळवणार आहे."

छोट्या इंजिनाच्या जुन्या गाड्यांची एक शर्यत असते. नव्या, दांडग्या गाड्यांना तिथे मज्जाव असतो. भिंगरीला त्यात उतरायचं होतं आणि खिसा तर रिकामा. म्हणून तिने मला इकडचं तिकडचं जमवून बांधायला घेतलं. दिवे काढले, मडगार्ड कापले. रुंद हँडल एका मोडक्या गाडीचं, मागचे शॉकअप दुसऱ्या गाडीचे, खडबडीत टायर कुणीतरी वापरून टाकलेले. दगडांवर आपटू नये म्हणून सायलेन्सर वर उचलून घेतला. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे सगळं चालायचं. तिची आई कपडे शिवायची. मशीन थांबवून ती शेडच्या दारात यायची आणि म्हणायची, "बाई गं, भंगाराशी संसार मांडून बसलीस की!" तोंडाने असं म्हणायची आणि हात पुसायला चिंध्या आणून द्यायची.

माझं इंजिन टू-स्ट्रोक आहे. म्हणजे काय, तर माझ्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं. तेल विसरलं तर पिस्टन अडकतो. जास्त झालं तर धूर होतो आणि प्लग ओला होऊन बंद पडतो. म्हणून भिंगरीची एक पद्धत होती. तेल घातलं की ती टाकीच्या झाकणाला एक चिंधी बांधायची. चिंधी दिसली की समजायचं, तेल पडलंय, पुन्हा घालायचं नाही. हे तिला ठाऊक होतं आणि चिंध्या देणाऱ्या आईला. बाबांना नव्हतं. ते इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे आणि घरी येईपर्यंत दमून जायचे.

एके दिवशी भिंगरीने माझ्या डाव्या मुठीला काळी पट्टी गुंडाळली आणि उजवी उद्या करू म्हणून पाना खाली ठेवला. तिला ताप होता. साधा ताप म्हणता म्हणता तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

मला दुःख झालं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मित्रांनो, खरं सांगते, काही झालं नाही. माझं इंजिन तेव्हा सुटं होऊन परातीत पडलेलं होतं. बाहेर खूप चपला जमल्या, मग एकेक करून गेल्या. पाना तसाच जमिनीवर राहिला.

घर गप्प झालं. आई आणि बाबा एकमेकांशी भांडले नाहीत, फक्त बोलायचे थांबले. "जेवायला वाढलंय" आणि "हं", एवढंच भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग शर्यतीच्या आयोजकांचा फोन आला. अडखळत त्यांनी विचारलं, तिचं नाव खोडायचं का? आई म्हणाली, "नका खोडू. गाडी येईल." फोन ठेवल्यावर तिने बाबांना तेवढंच सांगितलं. गाडी वेळेत उभी राहणार कशी आणि चालवणार कोण, हा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई शेडमध्ये आली आणि माझी गादी शिवायला घेतली. संध्याकाळी बाबा आले आणि इंजिन जोडू लागले. पुढेही तसंच चाललं. दुपारी ती, संध्याकाळी ते. तिने केलेलं त्यांना दिसायचं, त्यांनी केलेलं तिला. दोघं एका वेळी कधी आले नाहीत. उजव्या मुठीला आईने निळी पट्टी गुंडाळली, तीही उलट्या बाजूने. बाबांनी ती पाहिली आणि तशीच राहू दिली. मी हळूहळू पुरी होत होते, पण आतून तशीच बधिर. वाटायचं, हे दोघं माझ्याहून बधिर आहेत.

शर्यतीच्या दिवशी मला टेम्पोतून मैदानावर नेलं. आयोजकांनी विचारलं, "चालवणार कोण?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी. शिवलेले कपडे पोचवायला आयुष्यभर मोपेडच चालवलीये."

बाबांनी मला किक मारली. मी खोकले आणि असा पांढरा धूर सोडला की आजूबाजूची माणसं तोंडाला रुमाल लावून मागे सरली. कुणीतरी ओरडलं, "अहो, डास मारायला आणलीये का गाडी?" मग मी बंदच पडले. बाबांनी प्लग काढला. तो तेलाने निथळत होता.

"एवढं तेल आलं कुठून?" ते पुटपुटले.

"मी सकाळी घातलं ना," आई म्हणाली. "चिंधी बांधलीये की झाकणाला."

"कसली चिंधी?"

"तेल घातलं की भिंगरी बांधायची. दुसऱ्याने पुन्हा घालू नये म्हणून. सकाळी चिंधी नव्हती, म्हणून मी घातलं."

"अगं, मी काल संध्याकाळीच घातलं होतं. मला वाटलं, तू शोभेला बांधलीस."

बाबा ती चिंधी बोटांत धरून मातीतच बसले. "मला हे माहीतच नव्हतं गं. तिचं मला काहीच माहीत नव्हतं."

"मग मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू रडली असतीस."

"रडले असते!" आई म्हणाली. "मला रडायचंच आहे हो. इतके दिवस शिवणाच्या मशीनवर वाकून एकटी रडतेय. मला तुमच्यासमोर रडायचंय." आणि ती रडली. बाबाही रडले. ग्रीसच्या हातांनी त्यांनी डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं. ते बघून आईला रडता रडता हसू फुटलं. मी बाजूला उभी होते, प्लग काढलेली आणि गार.

पहिली शिट्टी वाजली. शेजारी एक बेकरीवाला आपली जुनी गाडी घेऊन उभा होता. त्याने न विचारता आपल्याजवळचं तेल मिसळलेलं पेट्रोल अर्धं आमच्या पुढ्यात ठेवलं. दोघांनी मिळून माझी टाकी रिकामी केली, प्लग पुसला, पेट्रोल भरलं. बाबांनी किक मारली. या वेळी मी सुरू झाले.

आम्ही जिंकलो नाही. एका वळणावर आई पडली, माझा ब्रेकचा दांडा वाकला, ती उठली आणि पुन्हा निघाली. शेवटून दुसरा नंबर आला. शेवटचा बेकरीवाला, कारण त्याचं पेट्रोल संपलं. बाबा कडेने धावत ओरडत होते, "अगं, हळू! अगं, जोरात!" काय ते एक ठरवा की म्हणावं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. साखळीला वंगण द्या, गंज चढू देऊ नका. एवढं तुम्हाला शाळेतही सांगतील. मी आणखी एक सांगते. एकाच टाकीजवळ दोन माणसं वावरत असतील, तर त्यांनी एकमेकांना विचारावं. खूण दिसली तरी विचारावं.

आता दोघं शेडमध्ये एकत्र येतात. तेल बाबा घालतात आणि चिंधीही तेच बांधतात, गाठ मात्र अजून धड जमत नाही. आई हेल्मेट घालून येते. चिंधी तिच्या डोळ्यांसमोर लटकत असते. तरी ती विचारते, "तेल घातलंत ना हो?"

आणि बाबा दर वेळी सांगतात, "हो गं, घातलं."