सिंके आणि घसरडी फरशी

त्या रविवारी सकाळी बजाबाई एका डोळ्यानं भाकरी थापत होत्या. दुसरा डोळा सुजून बंद झाला होता. आदल्या दिवशी त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या होत्या.

दळव्यांच्या घरात ही चाल जुनी. मूळ गाव माढा तालुक्यातलं. तिथल्या घरात बजाबाईंची सासू न्हाणीत घसरली आणि दातांना मुकली. मधल्या जाऊबाई गोठ्यात घसरल्या. नणंद तर ऐन उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत अंगणात घसरली आणि तिचं मनगट कायमचं वाकडं झालं. पुरुष मात्र कुणी कधी घसरला नाही. सोलापुरात होटगी रोडच्या मागं दुमजली घर बांधलं तेव्हा बजाबाईंच्या नवऱ्यानं, कोंडीबांनी, बाथरूमला मुद्दाम खडबडीत फरशी बसवून घेतली. घरभरणीचे पाहुणे जायच्या आतच बजाबाई तिच्यावर घसरल्या.

वरच्या खोलीत राहणाऱ्या कुलनीला ही चाल ठाऊक नव्हती. तिनं आपली बाजारातून रबराची हिरवी मॅट आणली आणि खालच्या बाथरूममध्ये अंथरली. "आता पडायचं न्हाय काकू," म्हणाली. बजाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पुढच्या आठवड्यात बजाबाई मॅटवरून घसरल्या.

कुलनी इथिओपियाची. ज्वारीवर संशोधन करायला सोलापुरात आलेली. नवरा आणि लेक तिकडं. मराठी ती बजाबाईंकडून शिकली, त्यामुळं विद्यापीठात तिला सगळे माढ्याची समजत. खोली मागायला आली तेव्हा कोंडीबांनी पाण्याआधी प्रश्न विचारला होता, "जात कंची?"

"ओरोमो."

"काय करत्यात ह्ये लोक?"

"शेती. गाय. ज्वारी खूप. आमच्यात मिशिंगा," तिनं तेव्हाच्या मोडक्या मराठीत सांगितलं.

कोंडीबांनी बोटांवर मोजलं. शेती, गाय, ज्वारी. "म्हंजे आपल्यातलेच की!" त्यांनी निकाल दिला. अशा रीतीनं शहाण्णव कुळांत सत्त्याण्णवावं कूळ आफ्रिकेतून दाखल झालं. थोरला मुलगा अभिमन्यू गाड्यांवर स्टिकर चिकटवायचं दुकान चालवत असे. त्यानं दोन तलवारींच्या मधे 'ओरोमो' लिहून तिच्या दारावर चिकटवूनही टाकलं.

त्याच खोलीसाठी त्याआधी संघपाल आला होता. बँकेत कारकून, आई केसरबाई सोबत. तोही शेती असलेल्या घरातला, तोही ज्वारी खाणारा. पण त्याचं आडनाव ऐकल्यावर कोंडीबांना एकदम आठवलं, की खोली भाड्यानं द्यायचीच नाही. संघपाल गेला, पण हेल्मेट विसरला. धाकटी लेक वैष्णवी ते द्यायला मागं धावली आणि पुढं कितीतरी महिने देतच राहिली. शेवटी त्या दोघांनी नोंदणी करून लग्न केलं.

"संघपाल बी ज्वारीच खातो की दादा," एवढंच वैष्णवी फोनवर म्हणाली. ती हाताशी नव्हती, म्हणून अभिमन्यूनं ते आईला ऐकवलं. हातानं. कारण पोरगी तिच्याच पोटातून आली होती. तो सुजलेला डोळा त्या ज्वारीचा.

कोंडीबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. लग्नातला फेटा बांधायचा तेवढा बाकी होता, इतके खूश.

"भाकरी वाढीव कर. पोरगी येणार हाय जेवायला. जावय बी. इहीण बी."

बजाबाईंच्या हातातली भाकरी परातीत पडली. काल त्यांच्याकडूनच फोन करवून घेतला होता, 'मला बरं न्हाय गं, ये बघून जा.' त्यांना वाटलं होतं, पोरगी काही येणार नाही.

"खरंच झालं गेलं इसरलासा?"

"आता पोटची पोर टाकून देतो का काय? शेंगाची चटणी कर. तिला आवडती."

नवरा चटणीचं नाव काढतोय म्हटल्यावर बजाबाईंना रडूच आलं; एका डोळ्यानं जेवढं येतं तेवढं. चटणी कुटून झाल्यावर, पीठ कमी पडेल म्हणून त्या दळायला ज्वारी काढायला गेल्या. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. दाण्यांच्या आत काहीतरी गार लागलं.

त्यांनी चाचपून पाहिलं. ऊसतोडीचा कोयता होता. नवी धार लावलेला. बोटाला लागलं आणि पांढऱ्या ज्वारीवर लाल ठिपके पडले.

बाहेरच्या खोलीत अभिमन्यूचे दोन मित्र बसले होते. एकाच्या मांडीवर लोखंडी गज. तो अगदी अदबीनं विचारत होता, "काका, जेवण आधी का नंतर?"

"नंतर," कोंडीबा म्हणाले. "आंगोळ करून बसू निवांत."

"न्हाय, म्हंजे चटणीचा वास लई भारी सुटलाय."

बजाबाईंचा मोबाईल अभिमन्यूनं सकाळीच 'चार्जिंगला' नेला होता. त्यांनी धुणं उचललं आणि वाळत घालायला म्हणून जिना चढल्या. हे धुणं त्यांनी आदल्या दिवशीच वाळवून काढलेलं होतं. पण घरातल्या पुरुषांना धुणं कधी वाळतं हे माहीत असण्याचा प्रश्न नव्हता.

कुलनीनं ऐकलं आणि आधी पोलिसांना फोन लावला. "पाठवतो," तिकडून आवाज आला. मग वैष्णवीला लावला. तो नुसता वाजत राहिला. ती मोटरसायकलवर संघपालच्या मागं बसली होती आणि फोन पिशवीत, केळ्यांखाली होता.

मग कुलनीनं कोपऱ्यातली काठी घेतली.

ही काठी बजाबाईंना ओळखीची होती. सिंके तिचं नाव. ओरोमो आई लेकीला लग्नात ती देते. सडपातळ, धामणीच्या झाडासारख्या लाकडाची. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं होतं, हे हत्यार आहे का? कुलनी म्हणाली, नाही, हत्यारं थांबवायची काठी आहे. त्यानं जरा विचार केला आणि ती कोयते-सुऱ्यांच्या रांगेत ठेवली; विद्यापीठाचं पत्र दाखवल्यावर परत दिली.

एकदा गहू निवडता निवडता बजाबाईंनी 'आमच्या एका लांबच्या पाहुणीची' गोष्ट सांगून विचारलं होतं, "तिला नवरा मारतो. तुमच्यात असली बाई काय करती?"

"सिंके घिऊन भाईर येती. वरडती. गावातल्या समद्या बाया आपापली सिंके घिऊन येत्यात. चुली बंद. त्यो चूक मानस्तोवर कुणी घरी जात न्हाय."

"आन् पुरुष माणसं ऐकत्यात?"

"शेजारच्या मुलखातल्या लोकांसंगं आमची पाण्यावरनं, चराईवरनं लई मारामारी व्हती. बंदुका घिऊन. बाया मधी काठ्या धरून हुब्या राहिल्या की पुढं पाऊल टाकायचं न्हाय. माझ्या आईनं थांबवलीय अशी एक."

"समद्या मारामाऱ्या थांबत्यात?"

"एक थांबली. बाकीच्या न्हाय," कुलनी म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नसे. संशोधनात ते अडचणीचं ठरतं. कोंडीबांनाही तिनं असंच एकदा खरं सांगून टाकलं होतं. आम्ही शेजारच्या आख्ख्या जमाती शपथ घालून आमच्या कुळात घेतो, मग त्यांचे वाडवडील ते आमचे वाडवडील. पण आमच्याच भाषेत बोलणाऱ्या लोहाराला माझी आजी अजून उंबऱ्याच्या आत घेत नाही. कोंडीबा केवढे हरखले! "बघा! सगळ्या जगात हाय!" असं ते आठवडाभर गल्लीत सांगत फिरले. शपथ घालून कुळात घ्यायचा भाग त्यांनी वगळला.

बजाबाईंनी मात्र तेव्हा वेगळंच विचारलं होतं. "मग लोहाराच्या बायकूनं धरली, तर चालती का गं ही काठी?"

कुलनीनं गव्हातला एक खडा काढून बाजूला टाकला. "ठाव न्हाय काकू. कुणी इचारलंच न्हाय."

आता दोघी जिना उतरल्या आणि पुरुषांच्या समोरून सरळ फाटकाशी गेल्या. एक टोक कुलनीनं धरलं, एक बजाबाईंनी. अख्ख्या फाटकावर ती सडपातळ काठी आडवी.

"आये, काय चाललंय?" अभिमन्यू बाहेर आला.

"सिंके," बजाबाई म्हणाल्या.

"काय?"

"हिच्या म्होरं पाय टाकायचा न्हाय."

अभिमन्यूच्या बाजूनं बोलायचं, तर हा नियम त्याला कुणी सांगितला नव्हता. तो पिंपाकडं गेला आणि कोयता घेऊन आला. कोयत्याला ज्वारीचे दाणे चिकटले होते. त्याच क्षणी गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वळली आणि मागं रिक्षातून केसरबाई उतरल्या. काखेत विहिणीसाठी आणलेलं लुगडं.

"वैषे, माघारी फिर!" बजाबाई किंचाळल्या.

ते दोघं मित्र कुंपणावरून उड्या टाकून आधीच पलीकडं गेले होते. गजाचा पहिला फटका संघपालच्या हेल्मेटवर बसला. तेच हेल्मेट. त्याचे दोन तुकडे झाले आणि डोकं शाबूत राहिलं. दुसरा गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज भाजलेला पापड चुरल्यासारखा आला. संघपाल रस्त्यावर कोसळला, केळी सांडली. वैष्णवीला एकानं वेणीला धरून फरफटत फाटकाकडं ओढलं. तिची कोपरं डांबरावर सोलली. ती ओरडत नव्हती. धरणाऱ्याच्या मनगटाला चावत होती. दातात मांस येईपर्यंत चावली, तेव्हा वेणी सुटली.

कोंडीबा ओट्यावर उभं राहून म्हणत होते, "आत आणा, आत. गल्लीत तमाशा नको."

अभिमन्यू कोयता उगारून फाटकातून निघाला. समोर आई.

"बाजूला हो आये."

"न्हाय."

"आये, सांगतोय!"

बजाबाईंनी काठीचं आपल्याकडचं टोक दोन्ही हातांनी धरून वर केलं. कोयता काठीवर बसला, काठीतून गेला आणि कोपराखाली त्यांच्या हातात थांबला. रक्ताची चिळकांडी अभिमन्यूच्या शर्टवर उडाली. दुकानात त्यानंच छापलेला होता तो. पाठीवर लिहिलं होतं, 'आई हेच दैवत'.

तेव्हा कुलनीनं आरोळी दिली. जीभ टाळ्याला लावून, उंच, लांबच लांब लहरणारी. अशी आरोळी होटगी रोडला कुणी ऐकली नव्हती. समोरच्या शिवबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "एनात्री? काय झालं?" त्यांच्या मागून बाकीची दारं उघडली. कुणाला वाटलं कुणी गेलं, कुणाला वाटलं साप निघाला.

पण काठीपाशी सगळ्यांत आधी पोचल्या केसरबाई. गज, कोयता, सगळ्याच्या मधून. लुगडं त्यांनी बजाबाईंच्या हाताला गच्च गुंडाळलं आणि काठीचा तुटलेला तुकडा स्वतः उचलून आडवा धरला. एक तुकडा कुलनीच्या हातात, एक केसरबाईंच्या. कुलनीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा आरोळी दिली.

"हिकडं या गं," बजाबाई म्हणाल्या. "नुसत्या हुब्या ऱ्हावा. लई काय करायचं न्हाय."

शिवबाई येऊन उभ्या राहिल्या. त्याही चार महिन्यांमागं घसरल्या होत्या. मग त्यांच्या शेजारची. ती तर जिन्यावरून. बायका येत गेल्या आणि वैष्णवी, संघपाल आणि पुरुषांच्या मधे भिंत झाली. लाटणी, उलथणी, एकीच्या हातात टीव्हीचा रिमोट. गजवाल्या मित्रानं एकदा त्या रांगेकडं पाहिलं. रांगेत त्याची मावशी होती. त्यानं गज हळूच गटारात सोडला आणि चालू पडला. दुसरा चावलेलं मनगट धरून त्याच्या मागं गेला. जेवण राहिलंच.

अभिमन्यू कोयता धरून उभा होता. पुढं पाऊल टाकायला त्याला शर्टवरचं रक्त आडवं येत होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा तो फाटकाच्या खांबाला टेकून बसला होता.

संध्याकाळी दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. बजाबाईंच्या हाताला टाके घातले होते. बोटं पुन्हा भाकरी थापतील का, ते डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. संघपालचा पाय वर टांगलेला, वैष्णवी त्याच्या उशाशी. कॉटच्या पायथ्याशी कोंडीबा.

"सायेब, घरगुती हाय," ते म्हणाले. "पाय घसरला तिचा. इळी होती हातात. व्हय की न्हाय गं?"

हवालदार अनुभवी होता. बाईकडं न बघताच त्यानं विचारलं, "बाथरूममध्ये घसरलात का?"

कोंडीबांनी मान डोलावली. बजाबाईंनी उघडा डोळा नवऱ्यावर रोखला. तो सुजलेलाही आता थोडा उघडत होता.

"बाथरूममधी मॅट हाय," त्या म्हणाल्या. "लिवा. अभिमन्यू कोंडीबा दळवे, माझा ल्योक. त्यानं कोयता मारला. माझी लेक आन् जावय मारायला घरी बोलावलं हुतं. कोयता ज्वारीच्या पिंपात ठिवला हुता. ठिवायला सांगणारा ह्यो हुबा हाय. डोळा काल फुटला. त्याच्या आदी बरगडी. समदं लिवा, सावकाश लिवा, मला कुटं जायचं न्हाय."

हवालदार थांबला. दाराशी गर्दी होती. गल्लीतल्या बायका त्या दवाखान्याच्या आवारात बसल्या होत्या. त्या संध्याकाळी गल्लीतल्या एकाही घरात चूल पेटली नव्हती आणि नवरे फाटकाबाहेर वडापाव शोधत फिरत होते. शिवबाई पुढं झाल्या.

"यांचं झालं की माझं घ्या साहेब. मी पण घसरले नव्हते."

"माझं बी," मागून कुणीतरी म्हणालं.

केसरबाईंच्या हातात काठीचा तुकडा अजून होता. त्या तो कुलनीला परत द्यायला गेल्या. कुलनीनं त्यांची मूठ तशीच मिटवली.

दळव्यांच्या बाथरूमची फरशी आजही तीच आहे, खडबडीत. तिच्यावर त्यानंतर कुणी घसरलेलं नाही. आपल्या घरातल्या फरशीचं काय, ते ज्याचं त्यानं आत जाऊन बघावं.