ओळीनंतरची रिकामी जागा

हॅलोरन नावाचा तो रेडिओवाला आमच्या मेम्फिसच्या घरी आला, तोच मुळी शहाणपणाचा आव आणून. ‘तुझा कोट अजून खुंटीला’ या गाण्याचा इतिहास सांगणारा कार्यक्रम तो करत होता. आजवर अकरा जणींनी गायलेलं गाणं. त्याच्या यादीत माझी थोरली बहीण ओडेसा दुसरी होती, न्यूयॉर्कच्या मार्लीन ऑडलीची नक्कल करणारी म्हणून. माझं डोकंच फिरलं.

छप्पन्न सालच्या मार्चमध्ये ओडेसानं ते गायलं, तेव्हा ते कुणाच्याही तोंडी नव्हतं. रेकॉर्ड कंपनीनं तिची टेप कपाटात ठेवली, मार्लीनला ऐकवली आणि जूनमध्ये मार्लीनची रेकॉर्ड बाजारात आणली. ओडेसाची आली ऑक्टोबरात. नुसत्या तारखा बघणाऱ्याला माझी बहीणच चोर दिसणार. चाळीस वर्षं ती चोर होती. आता तिचं हृदय थकलं होतं, आणि मरायच्या आधी कुणीतरी जाहीरपणे खरं बोलावं एवढंच तिला हवं होतं.

हॅलोरन आमचीच कॉफी पीत आम्हालाच समजावत होता. पहिल्या ओळीनंतर मार्लीन क्षणभर थांबते, तिचा हुंदका घशात अडकतो, ही म्हणे तिची प्रतिभा.

प्रतिभा कसली डोंबलाची! ती ओडेसाची चूक होती. आमचे वडील चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्र्याचे मदतनीस होते. त्यांच्या काळी गीतांची पुस्तकं नव्हती, म्हणून ते एक ओळ म्हणून थांबायचे आणि सगळी मंडळी ती ओळ गाऊन परत द्यायची. त्यांच्यामागे ओळ द्यायचं काम ओडेसाकडे आलं. स्टुडिओतही पहिली ओळ गाऊन ती सवयीनं थांबली, मंडळींची वाट बघत. तिथं मंडळी कुठली? काचेमागचा रेकॉर्डिंग करणारा माणूस वैतागला, पण पुढचं सगळं सुरेख झालं होतं, म्हणून ते तसंच ठेवलं. मी साथीला मागेच उभी होते. मार्लीननं गाणं उचललं ते चुकीसकट.

हॅलोरनला पटेना. म्हणून रविवारी त्याला चर्चला नेलं. ओडेसानं ओळ दिली, थांबली, आणि दोनशे गळ्यांनी ती परत केली. हॅलोरनचे डोळे भरून आले.

“मिस ओडेसा, आता मला कळलं,” तो तिचा हात धरून म्हणाला.

मी मूर्ख, त्याला तळलेली कोंबडी वाढली, वर पीचचा गोड पदार्थही.

पुढच्या महिन्यात दुपारी कार्यक्रम लागला. ओडेसा चर्चची टोपी घालून स्वयंपाकघरातल्या रेडिओसमोर बसली होती.

“त्या थांबण्याची जादू अशी,” हॅलोरन सांगत होता, “की मेम्फिसच्या एका साध्या चर्चमध्ये लोक आज प्रार्थनासुद्धा मार्लीन ऑडलीसारखं थांबून गातात.”

मी रेडिओ उचलून आपटणारच होते. ओडेसानं माझं मनगट धरलं. गाणं सुरू झालं. मार्लीननं पहिली ओळ गायली आणि थांबली.

“तेव्हा मी तुम्हा मंडळींची वाट बघत होते गं,” ओडेसा म्हणाली. “ही बाई कुणाची बघतेय?”

तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली.