दवाखान्याचा काटा

देवावर थोरल्याचा पूर्ण विश्वास होता; फक्त देवाच्या कामाचा वेग त्याला अजिबात पसंत नव्हता.

बाजाराच्या तोंडाशी दोघा भावांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. खाली दुकान, वर दोघांचे दोन संसार. वडील गेले तेव्हा दुकान दोघांकडे आलं आणि वडिलांची लाकडी पेटी थोरल्याकडे आली. पेटीत मखमलीच्या खळग्यांत बसवलेली पितळेची वजनं. बाकीचे काटे खरे आहेत की नाही ते या वजनांवर ताडून बघायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांना उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण बोटांचा घाम लागतो आणि घामालाही वजन असतं. थोरला ती मऊ कापडात धरून उचलायचा आणि तशीच परत ठेवायचा.

पेटीशेजारी त्याचा ग्रंथ असे. रोज सकाळी शटर अर्धं वर करून तो आधी वाचायला बसायचा. भुकेल्या माणसानं ताटाकडे यावं तसा तो त्या पानांकडे येई. तीच वचनं, वर्षानुवर्षं तीच, तरी एखाद्या ओळीपाशी त्याचा आवाज अडकायचा आणि डोळे पुसावे लागायचे. खोट्या मापांबद्दल ग्रंथात जिथे जिथे खडसावलेलं आहे, ती पानं तर कडेला काळी पडली होती. जगात एवढी सरळ गोष्ट लिहून ठेवलेली असताना माणसं वाकडी का चालतात, हे त्याला खरोखरच कळत नसे.

आणि वाकडं चालायला त्याला लांब बघावं लागत नव्हतं. धाकटा शेजारच्याच स्टुलावर बसून लोकांना काटे मारून द्यायचा.

धाकट्याचा हात या कामात सोन्यासारखा. रिकामा काटा बरोबर शून्यावर उभा राहायचा, गिऱ्हाइकानं डोळ्यांत तेल घालून बघितलं तरी शून्यावर. पारड्यात माल पडला की मगच तो थोडा पुढे पळायचा, किलोमागे एखादा टोमॅटो मावेल एवढा. विकणाऱ्याचा काटा पुढे, भंगारवाल्यासारख्या विकत घेणाऱ्याचा मागे. तपासणीचे साहेब यायचे, चहा प्यायचे, धाकट्याच्या विनोदांना हसायचे आणि शिक्का मारून जायचे. साहेबांचा शिक्का त्यांच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तत्पर होता.

धाकट्याकडे रांग लागायची, थोरल्याकडे माश्या. बाजारानं थोरल्याचं नाव ‘न्यायाधीश’ ठेवलं होतं.

“काय न्यायाधीश, वरून काही निकाल आला का?” भाजीवाला जाता जाता विचारायचा.

“येईल.”

“वरच्या कोर्टातही नुसत्या तारखाच पडतात वाटतं.”

सगळे हसायचे. धाकटाही हसायचा, पण त्यात विष नसे. तो भावाला जीव लावणारा माणूस होता. थोरल्याला खोकला झाला की औषध तोच आणायचा. “दादा, तू एवढा चांगला आहेस म्हणून तर मला थोडं वाईट होणं परवडतं,” असं तो म्हणायचा. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, आणि थोरल्याला तर रागावण्यावाचून दुसरं काही सुचत नव्हतं.

शेवटी एक दिवस त्यानं कामाच्या टेबलावर मधोमध लाकडाची पट्टी ठोकली.

“पट्टीच्या अलीकडे मी, पलीकडे तू. पलीकडच्या कामाला मी हात लावणार नाही. त्याच्याकडे बघणारसुद्धा नाही. तुझं तू आणि देव.”

“चालेल की,” धाकटा म्हणाला आणि स्क्रू पिळू लागला.

थोरल्याला त्या रात्री फार दिवसांनी शांत झोप लागली. त्याच्या बायकोला मात्र पट्टी पटली नव्हती. “टेबलावर पट्टी ठोकली म्हणजे बाजारातलं पाप मोजायचं थांबतं होय? निदान त्याला चार शब्द सांगत होतात. आता तेही गेलं.”

“सांगून सांगून जीभ झिजली. आता वरचा बघेल.”

“वरचा बघेलच. पण तुम्हाला त्याचं वचन जास्त आवडतं की भावाची फजिती, हे एकदा ठरवा.”

हे त्याला लागलं. लागलं म्हणून तो जास्तच चिडला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

रोज सकाळी त्याची एकच तक्रार असायची. देवा, हे किती दिवस चालायचं? तुझ्या नावानं शपथा घेऊन लोक कमी तोलतात, तुझा धाक कुणाला उरलेला नाही, आणि तू गप्प. एकदा तरी काहीतरी कर. या माणसाला त्याचाच काटा काय असतो तो कळू दे.

देवानं काय केलं, तर धाकट्याला मुलगी दिली. लग्नाला कितीतरी वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी आशा सोडल्यावर. थोरला क्षणभर चक्रावला. बक्षीस कुणाला आणि कशाबद्दल, हे त्याला समजेना. पण बाळ मांडीवर आलं आणि तो हिशेब त्यानं सोडून दिला. त्याला स्वतःचं मूल नव्हतं. सकाळी वाचायला बसला की भावजय बाळाला त्याच्याजवळ ठेवून जायची. तो वाचायचा आणि ती मुठीत पान पकडून ओढायची. ग्रंथाला कुणी तेलकट बोट लावलं तरी भडकणारा हा माणूस, फाटलेला कोपरा चिकटवताना स्वतःशीच हसायचा.

मग कधीतरी ती पान ओढेनाशी झाली. नुसती पडून राहायची, डोळे अर्धे मिटून. थोरल्याला वाटलं, शहाणी झाली, ऐकायला लागली.

एका दुपारी भावजय बाळाला घेऊन खाली दुकानात आली. तिचा चेहरा उतरला होता.

“दादा, हिचं जरा वजन करता का?”

“परवाच तर दवाखान्यात केलं ना?” धाकटा पलीकडून म्हणाला. “नर्स म्हणाल्या ना छान वाढतेय?”

“म्हणाल्या. मागच्या वेळीही म्हणाल्या, त्याच्या आधीही. पण झबली सैल होतायत हो हिला. मी म्हटलं तर सगळे मलाच वेड्यात काढतात.”

“पहिलटकरणीला असंच वाटतं. आणि भाजीच्या काट्यावर बाळ ठेवतात का कुणी?”

थोरला उठला. त्यानं आपला काटा पुसला, पारड्यात धुतलेलं कापड घातलं, पुन्हा शून्य साधलं आणि बाळाला अलगद ठेवलं. बाळ रडलंही नाही. काटा हलला, थांबला. भावजयीनं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. दवाखान्यात सांगितलं होतं त्याहून जवळजवळ अर्धा किलो कमी.

“दादा, तुझा काटा गेला,” धाकटा म्हणाला.

थोरल्यानं बाळ भावजयीकडे दिलं आणि पेटी उघडली. कापडात धरून एकेक वजन पारड्यात ठेवलं. काटा जिथे थांबायला हवा तिथेच थांबत गेला. धाकटा स्टुलावरून उठून पट्टीच्या अलीकडे आला होता. शेवटचं वजन ठेवून झालं तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

“दवाखान्याचा काटा मध्ये दुरुस्तीला कुणाकडे आला होता?” थोरल्यानं विचारलं.

विचारायची गरज नव्हती. निळा ट्रे असलेला तो काटा त्यानं स्वतः पाहिला होता. मंडईतल्या काट्यांच्या गठ्ठ्यात तो पट्टीच्या पलीकडे ठेवलेला होता. हा लहान मुलांचा दिसतोय, असं त्याच्या मनातही आलं होतं. मग त्यानं मान फिरवली होती, कारण पलीकडे बघायचं नाही असं त्याचं ठरलेलं होतं.

“मुद्दाम नाही केलं,” धाकटा म्हणाला. “शपथ घेऊन सांगतो. दहा काटे एकदम होते. हाताला सवय... एकामागून एक उघडले, एकामागून एक सरकवले. हा तसला नाही, हे डोक्यातच आलं नाही.”

थोरल्याला काय वाटलं? लपवण्यात अर्थ नाही, त्याला आधी आनंद झाला. सापडला, एवढा एकच शब्द त्याच्या मनात उठला. मग त्याची नजर पारड्याशेजारच्या त्या काटकुळ्या पायांवर गेली, आणि आपल्याला आनंद झाला याची त्याला किळस आली. त्याला देवाचा संताप आला. एवढी वर्षं थांबलो ते यासाठी? साहेब सापडला नसता? भंगारवाला सापडला नसता? तुला हेच एक पोर दिसलं? पण ओरडायला जागा नव्हती. काटा देवानं सरकवला नव्हता, आणि मानही देवानं फिरवली नव्हती.

“चल,” तो म्हणाला. त्यानं पेटी काखेत मारली.

वाटेत धाकटा त्याच्या मागे मागे धावत होता. भावजय बाळाला उराशी धरून दोघांच्याही पुढे निघाली होती. नवऱ्याकडे तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

“दादा, ऐक. बाळाला डॉक्टरांना दाखवू. काटा मी आत नेऊन दोन मिनिटांत सरळ करतो. नर्सला सांगू, नेहमीची तपासणी आहे. कुणाला कळायला नको. भाऊ म्हणून एवढं कर.”

“आणि बाकीची पोरं?”

“पुढच्या वेळी आपोआप खरं वजन येईल ना.”

“तोपर्यंत?”



दवाखान्यात बाळांना तपासण्याचा दिवस होता. बाकांवर आया, मांड्यांवर पोरं, कुणी रडतंय, कुणी पेंगतंय. डॉक्टरांनी भावजयीला लगेच आत घेतलं. नर्स निळ्या ट्रेपाशी उभी होती. थोरल्यानं तिला हळूच सांगितलं, पेटी उघडली आणि एक वजन ट्रेमध्ये ठेवलं. काटा पुढे पळाला. त्यानं दुसरं ठेवलं. काटा आणखी पुढे गेला.

नर्सनं ट्रेची कड घट्ट धरली. “म्हणजे दुरुस्तीहून आल्यापासून? इतक्या आठवड्यांत मी जी जी मुलं...” मग ती मोठ्यानं म्हणाली, “कुणी केलं हे?”

सगळ्या बायका त्यांच्याकडे बघू लागल्या.

हाच तो क्षण होता. असा क्षण थोरल्यानं मनात कितीदा तरी रंगवला होता: चारचौघांत धाकटा उभा आहे, आणि त्याच्याकडे बोट दाखवायचं तेवढं बाकी आहे. बोट उचलायलाही नको होतं, नुसतं बाजूला सरकलं असतं तरी पुरे होतं. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, रंग उडालेला, आणि लहानपणी काच फुटल्यावर बघायचा तसा भावाकडे बघत होता.

“आमच्या दुकानानं,” थोरला म्हणाला. “हा काटा जास्त दाखवतो. तुमच्या पोरांची वजनं सांगितली त्यापेक्षा कमी आहेत. सगळ्यांना पुन्हा तोलायला हवं. आज आल्या नाहीत त्यांनाही निरोप पाठवा. काटा आमच्याकडे होता, आणि तो माझ्या डोळ्यांसमोरून गेला.”

“सरकवला मी,” धाकटा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. “दादानं नाही. मी. बाजारातले सगळे मीच सरकवलेत.”

मग जो गलका झाला तो झाला. कुणी शिव्या दिल्या, कुणी पोराचे दंड चाचपून रडायला लागलं. आतून भावजय आली. दूध पुरत नव्हतं, वरचं दूध सुरू करायचं, वेळ अजून गेलेली नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती धाकट्याशेजारून गेली आणि बाळाला घेऊन बाकाच्या टोकाला बसली. धाकटा तिच्याकडे गेला नाही. त्याची तेवढी हिंमत नव्हती.

थोरल्यानं काटा उघडला. आतली दांडी जागेवरून सरकवलेली होती. हा धाकट्याचा हात, हे काम धाकट्याचं. आज पहिल्यांदाच तो ते इतक्या जवळून बघत होता. फार सुबक केलं होतं. त्यानं ते मोडलं, सरळ केलं, वजनं ठेवून ठेवून ताडलं आणि ट्रे पुसला.

रांगेत पहिली उभी होती ती एक हडकुळी बाई. तिच्या खांद्यावरचं पोर तिच्याहून हडकुळं. ती पुढे आली, पण पोराला खाली ठेवेना. थोरल्याकडे बघत राहिली.

“मी दर वेळी म्हणायचे, हा वाढत नाही. दर वेळी मला काटा दाखवायचे. मी माझ्याच डोळ्यांना खोटं पाडलं,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. “देव सोडणार नाही तुम्हाला.”

एवढ्या वर्षांत थोरल्यानं देवाच्या न्यायाबद्दल किती वाचलं होतं, किती डोळे पुसले होते. पण त्यातलं कुठलंही वचन आपल्याला उद्देशून असेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं मान खाली घातली नाही. बाई खोटं बोलत नव्हती.

“नको सोडू दे,” तो म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. “पण आधी पोराला इथं ठेव.”